जुन्या सायकलला कमी खर्चात मोटर बसवता येईल का?

येईल की! फक्त काटकसर मोटरमध्ये करा, बॅटरीत नको. सपाट रस्त्याला २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) पुरते. चाक, कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारी पेटी), थ्रॉटल (हँडलवरची वेगाची मूठ) असं तयार किट घेतलं की वेल्डिंगची भानगड नाही.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. किलोमीटरला साधारण १२ वॅट-अवर धरले तर तीसेक किलोमीटर, पायडल मारत राहिलात तर जास्त. लिथियम पॅकला बीएमएस, म्हणजे सेल जास्त चार्ज किंवा पार रिकामे होऊ न देणारं सर्किट, हवंच. लॅपटॉपचे जुने सेल जोडून पॅक करण्याच्या फंदात नवख्याने पडू नये, आग लागते.

आणि टॉर्क आर्म, म्हणजे मोटरचा एक्सल (आस) जागच्या जागी फिरू नये म्हणून जखडणारी पट्टी! मी पहिल्या सायकलला ही लोखंडी पट्टी 'कशाला हवी' म्हणून लावली नव्हती. चढावर थ्रॉटल पिळला, एक्सल चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) खाचेतच गरकन फिरला आणि आतून येणाऱ्या वायरी पिळून तुटल्या. पट्टीचे पैसे वाचले, मोटर गेली. पुढच्या चाकात मोटर बसवणार असाल तर चिमटा स्टीलचाच हवा, अ‍ॅल्युमिनियमची खाच तडकते.

ब्रेक मात्र आधी बदला, मोटर नंतर.