नऊ वर्षांच्या घोडीला पहिलं खोगीर

पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून नऊ वर्षांची मारवाडी घोडी आणलीस. चार शिंगरं झालेली, पण पाठीवर माणूस कधी बसलेला नाही. डोळ्याखाली भोवरा आहे म्हणून स्वारीला कोणी घेतली नाही, असं विकणाऱ्याने तुला सांगितलं. त्या भोवऱ्याचं मनावर घेऊ नकोस. केसांच्या वळणाने घोड्याची चाल बिघडत नाही.

‘आता वय गेलं हिचं’ असं गावात जो तो म्हणतोय, त्याने मात्र तू खचलेली दिसतेस. हाडांचं म्हणशील तर उलटंच आहे. घोड्याचा कणा पक्का व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. दोन वर्षांच्या शिंगरावर मांड ठोकणारे कच्च्या कण्यावर बसतात. तुझ्या घोडीचा सांगाडा तयार आहे, स्नायू तयार नाहीत. चार वेळा गाभण राहिल्यावर पोट सैल पडतं, पाठ खाली येते. म्हणून पहिले दोन-तीन महिने वर काहीच ठेवू नकोस. दोरीला धरून चढउताराच्या वाटेवर रोज अर्धा तास चालव.

त्याआधी डॉक्टरांना बोलाव. पहिली सोनोग्राफी. बाजारातली घोडी गाभण असू शकते, आणि अकरा महिन्यांतले सुरुवातीचे महिने पोटावरून काही कळत नाही. मग दात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा गालाला आणि खालच्यांच्या आतल्या कडा जिभेला टोचतात. त्या घासून घेतल्याशिवाय तोंडात लगाम घालू नकोस. तोंड उघडलंच आहे तर वयही बघून घ्या. वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते. ती अर्ध्या दातापर्यंत उतरली असेल तर घोडी नऊची नाही, पंधराच्या आसपासची आहे. हा अंदाजच, पण बाजारातल्या शब्दापेक्षा बरा.

आता खरं काम. शिंगराला माणूस नवा असतो. हिने नऊ वर्षं माणूस पाहिलाय. तो चंदी घालायला आला, बांधायला आला, सुई टोचायला आला, आणि चार वेळा तिचं शिंगरू घेऊन गेला. तुझं पाऊल वाजलं की यातलं काय होणार, याचा हिशेब ती करत असणार. तो हिशेब बदलायला वेळ लागेल, आणि तो तुला द्यावाच लागेल. महिनाभर नुसता खरारा कर. समोरून किंवा मागून थेट जाऊ नकोस, तिथलं तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने जा. हात हळूहळू तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, येतो त्या जागेकडे ने, मग कासेच्या अलीकडेपर्यंत. कान मागे गेले, कातडी आवळली, की हात तिथेच थांबव. तिने श्वास सोडला, मान खाली केली, की लगेच काढून घे. तू हात नेमका कधी काढतेस, यावरूनच ती शिकते. डावीकडून जे केलंस ते उजवीकडूनही पहिल्यापासून कर. एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की घोडा पुन्हा बुजू शकतो.

इथे मी एकदा फार चुकलो. दहा वर्षांचा एक घोडा तीन दिवस खोगिराखाली शांत उभा राहिला. मला वाटलं, मानला. चौथ्या दिवशी तंग एका दमात आवळला आणि वर चढलो. त्याने मला असं फेकलं की गळपट्टीचं हाड मोडलं. ते दीड महिन्यात जुळलं, पण त्या घोड्याने पुढे वर्षभर खोगीर जवळ येऊ दिलं नाही. तीनही दिवस त्याच्या नाकपुड्या ताणलेल्या होत्या, जबडा हलत नव्हता, पापणी लवत नव्हती. भीतीने थिजलेला होता तो. मी पाहिलंच नव्हतं.

तू तंग एकेक भोक आवळ, मध्ये चार पावलं चालव.

कोणीतरी तुला काटेरी लगाम आणून देईल, ‘मोठी घोडी याशिवाय ऐकत नाही’ म्हणेल. घेऊ नकोस. 1965 च्या केंद्राच्या नियमांनी त्याला बंदी आहे, आणि नसती तरी मी हेच सांगितलं असतं. सुरुवात म्होरकीवर कर, म्हणजे तोंडात काही न घालता नुसत्या डोक्यावरच्या दोरीवर, पुढे गुळगुळीत, मध्ये सांधा असलेला लगाम.

चढण्याची वेळ येईल तेव्हा खोगिरासह वजन तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच असू दे. घोडी साडेतीनशे किलोची असेल, तर सगळं मिळून सत्तर. पहिल्या दिवशी पाय टाकून बसायचं नाही. कोणीतरी डोक्याशी उभं असताना नुसती पाठीवर आडवी हो, पाच श्वास मोज, उतर. त्या दिवसाचं काम तेवढंच.

सोनोग्राफी झाली की कळव. आणि त्या कोपऱ्याच्या दाताचा फोटो पाठव. उजेडात काढ, हिरडी दिसली पाहिजे.

तुझा,
काका