मॉडेल टीएलसीत पास झालं. आता मॉनिटरला नियम कोणते द्यायचे?

अंधेरीच्या टीमचे प्रश्न दोन: वॉलेटच्या परतावा-सेवेचं टीएलए प्लस (सिस्टीमचं वर्तन गणिती भाषेत मांडायची पद्धत) मॉडेल टीएलसीत (असं मॉडेल तपासणारं साधन) बिनचूक निघालं, तरी प्रॉडक्शनवर मॉनिटर (चालू सिस्टीमचे इव्हेंट बघून नियम मोडला का ते सांगणारा प्रोग्राम) हवा का, आणि ‘कापलेले पैसे कधी ना कधी परत जमा होतातच’ हा नियम तिथे तसाच टाकायचा का.

दुसरा आधी घेतो. तसाच टाकू नका. तो लाइव्हनेसचा, म्हणजे ‘चांगली गोष्ट कधीतरी घडेलच’ असा नियम आहे. मॉनिटरसमोरचा लॉग नेहमी अर्धवटच असतो. आज पैसे आले नाहीत, तर उद्या येतील म्हणायला जागा राहतेच. म्हणून नियम मोडला असं मॉनिटर कधीच म्हणू शकत नाही. पाळला असंही नाही, कारण पुढचे व्यवहार अजून यायचेत. त्याला मुदत बांधा: ‘डेबिटपासून 30 मिनिटांत यश किंवा परतावा’. आता तो सेफ्टीचा, म्हणजे ‘वाईट गोष्ट कधीच घडू नये’ असा नियम झाला, मोडला की दिसतो. 30 हा आकडा उदाहरणापुरता. खरा बँकेशी झालेल्या करारातून घ्या.

बहुतेकांचं फसतं ते इथे. मुदत चुकणं म्हणजे काहीतरी न घडणं. मॉनिटर फक्त इव्हेंट आला की जागा होत असेल, तर रांग ठप्प झाल्यावर तोही गप्प बसतो. प्रत्येक उघड्या व्यवहाराला टायमर लावा, किंवा दर सेकंदाला एक ‘टिक’ इव्हेंट सोडा. उघड्या व्यवहारांची यादी डिस्कवर ठेवा. ती नुसती मेमरीत असली तर रीस्टार्टनंतर अडकलेले व्यवहार नजरेतून सुटतात.

क्रमाचं बघा. ऐरोली आणि चांदिवलीच्या डेटा सेंटरमधली घड्याळं एनटीपी (घड्याळं जुळवणारी यंत्रणा) असूनही थोडी मागेपुढे असतात. टाइमस्टॅम्पवर क्रम लावलात तर परतावा डेबिटच्या आधी दिसू शकतो आणि खोटे अलार्म वाजतात. काफ्काला (इव्हेंट वाहून नेणारी प्रणाली) ‘की’ (key) म्हणून व्यवहार क्रमांक द्या, म्हणजे एका व्यवहाराचे इव्हेंट एकाच पार्टिशनमध्ये (क्रम राखणाऱ्या एका भागात) पडतील. शिवाय प्रत्येक इव्हेंटला व्यवहारापुरता चढता अनुक्रमांक द्या. इव्हेंट कमिटच्या (डेटाबेसात नोंद पक्की होण्याच्या) आधी पाठवू नका, नाहीतर रोलबॅक झालेलं, म्हणजे रद्द झालेलं डेबिटही मॉनिटर खरं धरेल. त्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात (पाठवायच्या इव्हेंटच्या यादीत) लिहा.

आता पहिला. टीएलसीने तपासलं ते मॉडेल, तेही कॉन्फिगमध्ये दिलेल्या मोजक्या खात्यांपुरतं आणि विनंत्यांपुरतं. कोड नव्हे. त्यामुळे मॉनिटर लावायचा तो सर्वांत आधी मॉडेलच्या गृहीतकांवर. रिट्राय तीच आयडेम्पोटन्सी-की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) वापरतो असं मॉडेल धरतं. कोडमधली लायब्ररी टाइमआउटनंतर नवी की बनवत असेल, तर पैसे दोनदा कापले जातात. वीक फेअरनेस लिहिलंय म्हणजे परताव्याचा वर्कर कायमचा अडकत नाही असं धरलंय. तिथे रांगेतल्या सर्वांत जुन्या नोंदीचं वय मोजत राहा.

दुहेरी डेबिटसाठी मात्र मॉनिटरवर विसंबू नका, तो ओरडेपर्यंत पैसे गेलेले असतात. युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा न स्वीकारणारी डेटाबेसची अट) ऑर्डर क्रमांकावर टाका. आयडेम्पोटन्सी-कीवर टाकला तर नवी की बनल्यावर त्याचा उपयोग शून्य. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर तो इंडेक्स पार्शल ठेवा, अयशस्वी नोंदी वगळून. नाहीतर एकदा फेल झालेल्या ऑर्डरचे पैसे ग्राहकाला पुन्हा भरताच येणार नाहीत.