कोण बनवतं, कोण मोडतं

नौपाडा, ठाणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

खारघरला अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात प्रोजेक्ट मिळाल्याचं आईकडून कळलं. छान झालं. पनवेल लोकल ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे जाताना बसून वाचायला मिळेल. येतानाचं सांगता येत नाही.

तुझा मेल वाचला. त्यात पेशीतल्या लिपिडांची, म्हणजे स्निग्ध रेणूंची, सिरॅमाइड वाईट आणि एस-वन-पी चांगलं अशी वाटणी करून तू मोकळी झालीस. परीक्षेपुरतं ठीक आहे. सिरॅमाइड पेशीला मरणाकडे ढकलतं आणि एस-वन-पी तिला जगवतं, हे ढोबळमानाने खरंच आहे. पण कॅन्सरची पेशी जगली तर पेशंटला त्याचं काय कौतुक? शिवाय आपल्या कातडीतलं पाणी धरून ठेवायला तेच बदनाम सिरॅमाइड लागतं. तेव्हा लिपिडच्या स्वभावाची चर्चा सोड. ते कोण बनवतं, कोण मोडतं आणि या दोघांपैकी कोणाचं बिनसलंय, ते आधी शोध.

एकच पाथवे, म्हणजे पेशीतली निरोपांची साखळी, नीट घोटून घे: पीआय-३-कायनेजचा. कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम. पेशीच्या आवरणाला आतून पीआयपी-२ नावाचं लिपिड असतं. बाहेर इन्सुलिन रिसेप्टरला बसलं, की हे कायनेज त्या लिपिडवर आणखी एक फॉस्फेट चढवतं आणि पीआयपी-३ तयार होतं. त्याला एकेटी हे प्रथिन येऊन चिकटतं आणि पुढे 'साखर घे, वाढ, मरू नकोस' असे हुकूम सुटतात. ते थांबवण्यासाठी पीटेन हे दुसरं एन्झाइम तोच फॉस्फेट उतरवतं. पीटेनचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, ट्यूमरला रोखणारं म्हणून. त्याची ठेवण पाहून ते प्रथिनांवरचे फॉस्फेट काढत असेल असा अंदाज होता. वर्षभरात कळलं की त्याचं खरं गिऱ्हाईक पीआयपी-३ आहे. ही गोष्ट मी दर बॅचला सांगायचो, मुलं कंटाळली तरी.

आता आजाराकडे ये. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनला दाद देणाऱ्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये सुमारे ४० टक्के ट्यूमरमध्ये या कायनेजच्याच जनुकात बिघाड असतो. इन्सुलिन नसतानाही हुकूम सुटत राहतात. हे कायनेज अडवणारं अल्पेलिसिब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते घेणाऱ्या बऱ्याच पेशंटची रक्तातली साखर चढते, कारण यकृतातलं इन्सुलिनचं कामही याच कायनेजमार्फत चालतं. साखर चढली की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि औषधाने दाबलेला ट्यूमरमधला पाथवे पुन्हा डोकं वर काढतो. हे २०१८ मध्ये उंदरांत दाखवलं ते लुईस कँटली यांच्या गटाने. हे कायनेज मुळात शोधलं तेही कँटलींनीच. त्यामुळे पाथवेचं चित्र काढताना एक पेशी काढून थांबू नकोस. यकृत आणि स्वादुपिंडही काढ.

रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाचं प्रकरणही वाचून ठेव. दुखणं थांबवायला एक एन्झाइम अडवलं, रक्तवाहिन्या सैल ठेवणारं प्रोस्टासायक्लिन हे लिपिड घटलं, गुठळी करणारं थ्रोम्बॉक्सेन तसंच राहिलं. हार्ट अ‍ॅटॅकचा धोका वाढल्याचं दिसलं आणि २००४ मध्ये औषध बाजारातून गेलं.

बेंचवरचं थोडं सांगतो, पेपरमध्ये हे सापडत नाही. क्लोरोफॉर्म प्लास्टिकच्या नळीत ओतू नकोस. प्लास्टिकमधलं काहीबाही विरघळून येतं आणि मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) नवा शोध लागल्यासारखं दिसतं. काचेच्या व्हायल वापर. लिपिड वाळवायचं ते नायट्रोजनखाली. पेशी वाढवताना माध्यमात घालतो त्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) एस-वन-पी आणि एलपीए हे आणखी एक लिपिड आधीच असतात, म्हणून प्रयोगाआधी पेशी काही तास सीरमशिवाय ठेवाव्या लागतात.

सगळ्यात जास्त घोळ रक्ताच्या नमुन्यात होतो. रक्त गोठताना प्लेटलेट्स एस-वन-पी सोडतात, त्यामुळे सीरम आणि न गोठलेल्या रक्तातला प्लाझ्मा यांचे आकडे जुळत नाहीत. नळी मे महिन्यात टेबलावर तासभर पडून राहिली, तर तू आजार मोजत नाहीस, उशीर मोजतेस. वहीत दोन रकाने आखून घे: रक्त काढल्याची वेळ आणि सेंट्रिफ्यूजला लावल्याची वेळ. ज्या नमुन्यापुढे यातली एक जरी वेळ नसेल, तो गाइडला विचारल्याशिवाय हिशेबात धरू नकोस. गाइड कुरकुरतील. कुरकुरू देत.

पहिले क्रोमॅटोग्राम, म्हणजे लिपिड वेगळे केल्याचे आलेख, आले की एखाद्या रविवारी घेऊन ये. छापून आण, मोबाइलवर मला दिसत नाही.

तुझा,
काका