सूचिपर्णी कुंपणाशेजारी वाफा करताय? आधी एवढं बघा

अशा कुंपणाशेजारी लावलेली रोपं जळत असतील, तर माती वाईट आहे असं समजू नका. सायप्रससारख्या सूचिपर्णी झाडांच्या कुंपणाची बरीचशी मुळं वरच्या थरातच पसरतात आणि पाणी तीच आधी ओढून घेतात. वर दाट फांद्या पाऊस अडवतात. चांगली सर येऊन गेल्यावर बुंध्याजवळ बोट खुपसून बघा, बहुतेक वेळा आत कोरडी भुकटीच लागेल.

म्हणून कुंपणाला चिकटून काहीही लावू नका. निदान 60 सेंटीमीटर मोकळे सोडा, छाटणीला उभं राहायलाही ती जागा लागतेच. खणताना जाड मूळ आडवं आलं तर तोडू नका, खड्डा थोडा सरकवा.

रोपं लहानच घ्या. नवखी मंडळी हटकून मोठं, फुललेलं रोप आणतात. त्याचा मुळांचा गोळा कुंपणाच्या मुळांच्या जाळ्यात मावत नाही आणि तहान मात्र मोठी. सावली असेल तर जमिनीवर पसरणारी विंका (सदाफुली नव्हे) किंवा एपिमेडियम हे बुटकं, बहुवर्षायू रोप. ऊन असेल तर जाड, रसदार पानांचं सेडम. सध्या एवढी पुरेत.

पहिलं वर्षभर पाण्याकडे नीट लक्ष द्या:
- रोजचा वरवरचा शिडकावा नको. आठवड्यातून एक-दोनदा, बुडाशी, खोल मुरेल असं सावकाश द्या.
- मग ओल्या मातीवरच 5 ते 7 सेंटीमीटर पालापाचोळा पसरा. कोरड्यावर पसरलात तर हलका पाऊस वरच अडतो.
- पाचोळा देठांना टेकवू नका.

खतं, ठिबक नंतर बघू. पहिल्या उन्हाळ्यात वाढ दिसली नाही तरी घाबरून रोप उपटू नका. पानं ताजी असतील तर ते खाली मूळ धरतंय.