कर्नल बदलला, कमांड बिथरली

प्रश्न : कोसळलेल्या कर्नलची चिकित्सा करणाऱ्या ‘क्रॅश’ डीबगरसाठी मी सी भाषेत एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलंय. व्हीएमकोअरमधले (कर्नल कोसळताना साठवलेल्या मेमरीच्या डंपमधले) ‘डी’ अवस्थेत, म्हणजे मध्येच न मोडता येणाऱ्या झोपेत, अडकलेले टास्क ते छापतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ च्या ३.१० कर्नलवर चोख चालतं. ८ च्या ४.१८ वर मात्र निवांत बसलेले केवर्करही (कर्नलची कामं उरकणारे थ्रेड) अडकलेले दाखवतं, आणि ९ च्या ५.१४ वर एरर न देता काहीच्या काही आकडे फेकतं. कर्नलच्या आवृत्तीनुसार इफ-एल्स घालू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इफ-एल्स घाला, पण आवृत्तीवर नको. रेड हॅट ८ संपेपर्यंत ४.१८ हा आकडा तोच राहतो. आतला ईबीपीएफसारखा (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवणारा) भाग मात्र कितीतरी नंतरच्या कर्नलमधून आणलेला असतो. दारावरची पाटी जुनी, भाडेकरू केव्हाच बदललेले. म्हणून विचारायचं ते व्हीएमलिनक्स या कर्नलच्या फाइलमधल्या डीबग माहितीला; कुठलं स्ट्रक्चर कसं मांडलंय ते तिथे असतं.

आधी ५.१४ चं बघू. टास्क_स्ट्रक्ट या प्रत्येक टास्कची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्चरमधलं ‘स्टेट’ तिथे ‘__स्टेट’ झालं. स्ट्रक्चरमध्ये एखादा मेंबर कितव्या बाइटवर आहे ते सांगणाऱ्या मेंबर_ऑफसेटला नाव सापडलं नाही की तो गुपचूप उणे एक परत करतो. तुम्ही तो न तपासता पत्त्यात मिळवत असणार, म्हणजे वाचन सुरू होतं स्ट्रक्चरच्या एक बाइट आधीपासून. उणे एक आला तर नवं नाव विचारा. तेही नसेल तर सरळ एरर देऊन थांबा. खोटं उत्तर देणाऱ्या डीबगरपेक्षा बंद पडलेला बरा.

इथे बरेच जण अर्ध्यावर सोडतात. नावाबरोबर प्रकारही बदललाय : आठ बाइटचा लाँग होता, आता चार बाइटचा अनसाइन्ड इंट आहे. आठच वाचत राहिलात तर शेजारचे चारही सोबत येतील. ५.१४ मध्ये एरवी तिथे नुसतं पॅडिंग (रिकामी भरताड) असतं, त्यामुळे खपून जाईल. रिअलटाइम कर्नलमध्ये मात्र ५.१५ पासून त्याच जागी ‘सेव्ह्ड_स्टेट’ आहे. तेव्हा मेंबर_साइझला आकार विचारूनच वाचा.

केवर्करचं दुखणं निराळं, आणि माझ्या मते जास्त फसवं, कारण त्यात नाव आणि आकार दोन्ही जागच्या जागी आहेत. तुम्ही बहुधा ‘स्टेट & २’ तपासताय, म्हणजे ‘डी’ चा २ हा बिट लागलाय का एवढंच. ४.२ मध्ये टास्क_आयडल ही नवी अवस्था आली : २ आणि टास्क_नोलोडचे १०२४, मिळून १०२६. ४.१४ पासून रिकामे केवर्कर याच अवस्थेत झोपतात, म्हणून तुमच्या चाळणीत सापडतात. १०२४ चा बिट लागलेला असेल तर तो टास्क वगळा. ३.१० मध्ये तो बिट वापरातच नाही, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. ‘स्टेट == २’ करून मोकळे होऊ नका; टास्क_किलेबलमध्ये, म्हणजे फक्त जीवघेण्या सिग्नलने मोडणाऱ्या झोपेत, अडकलेले निसटतील. त्या अवस्थेची किंमत ३.१० मध्ये १३० आहे, ४.१४ पासून २५८.

तपासायला प्रत्येक कर्नलचा एकेक डंप जवळ ठेवा, त्याच बिल्डच्या डीबग व्हीएमलिनक्ससह. डंप आटोपशीर करणाऱ्या मेकडंपफाइल कमांडला ‘-डी ३१’ दिलंत तर रिकामी, कॅशची नि यूजरची पानं गळतात. टास्क_स्ट्रक्ट शाबूत राहतं आणि डिस्कही भरत नाही.