फसलं कोण?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. एकाच परिच्छेदात तू दोन प्रश्न विचारलेस आणि ते एकमेकांच्या उरावर बसलेत, हे तुझ्या लक्षातही आलेलं नाही. पहिला: पोलिसांच्या त्या समारंभावर लिहिलेली पोस्ट काढून टाकू का, कारण ठाण्यातून ‘जरा येऊन जा’ असा फोन आलाय. (पोलीस ठाण्यातून. आपल्या ठाणे गावात हा खुलासा करावाच लागतो.) दुसरा: सैन्यासारखे कपडे घालणाऱ्या, सैन्यासारखी पदकं मिरवणाऱ्या या पोलिसांवर गुन्हा दाखल करता येईल का? म्हणजे तुझं तोंड कुणी बंद करू नये, पण त्यांच्या छातीवरची फीत मात्र कायद्याने उपटून काढावी.

धीर वगैरे देत बसत नाही. अठरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाचा मुलगा तू, तुला मी काय धीर देणार? एक प्रश्न देतो. तोच पुन्हा पुन्हा विचारणार आहे, कंटाळलास तरी. फसलं कोण?

हा प्रश्न मला उशिरा सुचला, त्याची गोष्ट आधी ऐक. वकिलीची सनद मिळून तीनच वर्षं झाली होती, आम्ही वर्तकनगरला राहत होतो. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ दर १५ ऑगस्टला निळा ब्लेझर, डोक्यावर बेरे आणि छातीवर चार पदकं लावून झेंडावंदनाला यायचे. माजी सुभेदार म्हणून सगळे त्यांना मान द्यायचे. मला संशय आला, मी चौकशी केली, आणि माणूस फौजेत कधी नव्हताच हे निघालं. मग काय विचारतोस. भारतीय दंड विधान, कलम १४०: सैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून सैनिकाचा वेश किंवा चिन्ह वापरणं. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा कोळून प्यायलो होतो ना! तक्रार केली. जीप आली, सगळ्या इमारतीसमोर म्हातारा जीपमध्ये बसला. दोन महिन्यांत त्यांनी खोली विकली आणि बदलापूरला गेले.

आमच्याच मजल्यावर एक बाई होत्या, १९७१ च्या युद्धात नवरा गेलेला. मला वाटलं, निदान त्या तरी शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचं नाव पुढे करून तू का भांडलास? त्याला काय मिळत होतं रे? पुढची खुर्ची आणि एक नारळ.”

आजही मी त्या म्हाताऱ्याची बाजू घेत नाही. खोटं ते खोटंच. ती पुढची खुर्ची खरं तर त्या बाईंची होती, म्हणजे फसलं कोणीच नाही असंही म्हणता येत नाही, आणि तिथेच मी आजवर अडकलोय. पण खुर्ची गेली म्हणून जीप? त्यांना एका बाजूला घेऊन ‘काका, हे काढा’ म्हणालो असतो तर भागलं असतं. मी तसं केलं नाही, कारण मला न्याय नको होता, मला माझं शहाणपण सर्वांना दाखवायचं होतं. तुझ्या पोस्टमध्ये मला तोच वास आला, म्हणून इतकं लिहितोय.

पुढे अमेरिकेतला एक खटला वाचला आणि चरफडलो. कॅलिफोर्नियात पाणीपुरवठ्याच्या एका मंडळावर निवडून आलेला अल्वारेझ नावाचा माणूस भर बैठकीत म्हणाला, मला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं सर्वोच्च लष्करी पदक, मिळालंय. धादांत खोटं. तिथे २००५ च्या कायद्याने असं नुसतं म्हणणंही गुन्हा होता. २०१२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. खोटं बोलला म्हणून सरकार तुरुंगात टाकू लागलं तर त्याला अंत कुठे? पुढच्याच वर्षी नवा कायदा आला: पदकाचं खोटं सांगून पैसा किंवा दुसरा काही लाभ उपटायचा हेतू असेल तरच गुन्हा. म्हणजे माझाच प्रश्न. फसलं कोण? आणि तिथल्या पोलिसांची गंमत अशी की न्यूयॉर्क पोलिसांच्या सर्वोच्च पदकाचं नावसुद्धा मेडल ऑफ ऑनरच. त्यावरून कुणी तुरुंगात गेलेलं नाही.

आता आपल्याकडचं. पोलिसांनी सैन्याची नक्कल केली, असं तू लिहिलंस. अरे, फौजदार हा शब्द कुठून आला? हवालदार, जमादार, शिपाई, परवा-परवापर्यंतचा पोलीस नाईक? सगळे फौजेतून आलेले. नक्कल कसली, हे भाऊबंद आहेत, आणि भाऊबंदकी तर असणारच. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, पलटणीला निशाण देतात तसा. तो दिवस ते अजून साजरा करतात. खांद्यावर तीन तारे असले तरी पोलीस निरीक्षकाच्या ताऱ्यांखाली लाल-निळी फीत असते, कॅप्टनच्या नसते. तुझ्या वडिलांना विचार, शंभर फुटांवरून ते फरक सांगतील. मग फसलं कोण?

पोलिसांना ‘शहीद’ म्हणण्यावर तू जे तांडव केलंस ते तर अगदीच पोकळ. तो शब्द सरकारदरबारी सैन्यासाठीही अधिकृत नाही, हे सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. आणि २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन का असतो, माहीत आहे? १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या गोळ्यांनी दहा पोलीस मेले. तेव्हा त्या हद्दीवर पोलीसच होते. तुकाराम ओंबळे यांना अशोक चक्र मिळालं ते हातात लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवल्याबद्दल. ते पदक उसनं आहे म्हणशील?

एका बाबतीत मात्र तू बरोबर आहेस, आणि नेमकं तेच तू एका ओळीत उरकलंस. पोलिसांचा चट्टेरीपट्टेरी जंगली गणवेश. गोखले रोडवर कसलं जंगल लागलंय? रस्त्यावर तसे कपडे दिसले की लोकांना वाटतं लष्कर उतरलं. सैन्याने यावर आक्षेप घेतला तो याचसाठी. २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश आणल्यावर त्याच्या नक्षीची रीतसर नोंदणीही केली. इथे फसलं कोण, याचं उत्तर आहे: रस्त्यावरचा माणूस. आपल्यासमोर कोण उभं आहे आणि त्याला काय अधिकार आहे, हेच त्याला कळत नाही. आणि त्या कपड्यांच्या आत उभ्या असलेल्या पोलिसालाही समोरची गर्दी शत्रू वाटायला लागते. यावर लिही! पानभर लिही. पदकांना हात लावायची गरज नाही.

कारण त्या पदकामागची एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तू, मी, कुणीही पोस्ट लिहू शकतो. पोलीस शिपाई लिहू शकत नाही. घटनेचं कलम ३३ आणि १९६६ चा कायदा: परवानगीशिवाय संघटना नाही, वर्तमानपत्रात बोलणं नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी तोंड उघडलं, तर सरकारने त्यांची संघटनाच मोडून काढली. ज्याला बोलायला बंदी आहे, त्याने १ मे रोजी मिळालेलं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह आयुष्यभर छातीवर लावलं, तर ते त्याचं बोलणंच आहे. राष्ट्रध्वज फडकवणं ही अभिव्यक्ती आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं. मग फीत लावणं काय निराळं? तुला तुझ्यासाठी घटनेचं १९(१)(अ), म्हणजे बोलायचं स्वातंत्र्य, हवं आणि त्याच्यासाठी दंड संहिता. वा रे वा.

आता फोनचं. पोस्ट काढू नकोस. २०१२ मध्ये पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, तेव्हा तिथल्या दोन मुलींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली झाली ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सॲप स्टेटसचा गुन्हा २०२४ मध्ये रद्द झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे आता पोलिसांना शिकवायची वेळ आली आहे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केलेले. फोनवर बोलावलं म्हणून धावत जायचं नाही. नम्रपणे सांगायचं, लेखी नोटीस द्या, येतो. ‘साहेब’ म्हणायला लाजू नकोस, त्याने काही झिजत नाही.

पण तिसरं वाक्य काढ. त्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन तू लिहिलंस, ‘हे पदक यांनी ओळखीने मिळवलं.’ पुरावा आहे? नाही. मेलमध्ये तूच लिहिलंस की ‘सगळ्यांना माहीत आहे’. सगळ्यांना माहीत होतं तसं वर्तकनगरलाही सगळ्यांना ते सुभेदार वाटत होते. फसलं कोण, विचार स्वतःला. या वाक्यात तुझे वाचक फसले, आणि त्या स्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या १९(२) मध्ये अब्रुनुकसानी उगीच लिहिलेली नाही. बाकी सारी पोस्ट मतं आहेत, काही मला मूर्खपणाची वाटतात, पण त्यांच्यासाठी मी कुठल्याही कोर्टात उभा राहीन. तिसऱ्या वाक्यासाठी राहणार नाही.

वडिलांना अजून काही सांगितलेलं नाहीस, असं लिहिलंयस. आज सांग. त्यांची पदकं कुठे आहेत तेही विचार. माझा अंदाज, गोदरेजच्या कपाटात रुमालात गुंडाळलेली असतील. पोलिसांच्या फितीमुळे त्यांना आपलं काही गेल्यासारखं वाटतं का, तेही विचार. ते काय म्हणतात याची मला तुझ्यापेक्षा जास्त उत्सुकता आहे.

शनिवारी साडेअकराला कोर्ट नाक्यावर भेटू. ऐरोलीहून रिक्षा करू नकोस, कळव्याच्या पुलावर अडकशील. लोकलने ये, पोस्टची छापील प्रत आण, आणि तिसरं वाक्य खोडल्याशिवाय आणू नकोस.

तुझा,
काका