नवीन गाडीला बाहेरून काय काय बसवून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की बेस मॉडेलची नवी हॅचबॅक घेतलीय, हाताशी 40 हजार रुपये आहेत, तर सेफ्टी, चोरीपासून बचाव आणि चांगला साउंड या तिन्हींसाठी बाहेरून काय बसवावं, आणि त्यानं वॉरंटी जाईल का.

मी साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. लोकांनी बाहेरून बसवून आणलेलं काढणं हा माझा निम्मा धंदा आहे, त्यामुळे माझ्याकडून खरेदीच्या यादीची अपेक्षा ठेवू नका. आधी एक फुकटचं काम सांगतो. मागच्या सीटवर हात घाला आणि बेल्टची बक्कलं वर आहेत का बघा. शोरूमनं ‘फ्री’ दिलेलं सीट कव्हर असेल तर ती बहुतेक कव्हराखाली गाडली गेली असतील. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. गाडी भारीतली होती, तरी. मागे बसणाऱ्यानं बेल्ट लावायचा हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा आहे, पण बक्कलच सापडत नसेल तर माणूस लावणार काय?

एवढ्या तिडकीनं लिहायचं कारण असं की तसल्याच एका सीटवर माझी आक्का बसायची.

दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, काही वर्षांपूर्वी सात सीटर घेतली. पूजा झाली की गाडी थेट एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. संध्याकाळी बाहेर आली ती वरातीतल्या घोड्यासारखी सजून. पुढं लोखंडी बुल गार्ड, त्यावर चार फॉगलॅम्प, हेडलाइटमध्ये 100/90 वॅटचे बल्ब, काचांना काळी फिल्म, डिकीत हातभर लांबीची बास ट्यूब आणि जाडजूड सीट कव्हरं. मी म्हटलं, “दाजी, निदान वायरिंग तरी माझ्याकडं आणायचं.” तर सगळ्यांसमोर म्हणाले, “पाहुणं, तुमचं काम गाणी वाजवायचं. ह्ये सेफ्टीचं काम हाय.” शेजारी हसले. माझ्या डोक्यातून ते वाक्य आजतागायत गेलेलं नाही.

मग तो पावसाळा. पुण्याहून साताऱ्याकडं येताना खंबाटकीला तेव्हा बोगदा मिळत नव्हता, घाटच चढावा लागायचा. रात्रीची वेळ, धुकं, चारही फॉगलॅम्प चालू. आधी जळका वास आला, मग एका बाजूचा हेडलाइट पिवळा पडत पडत गेला आणि बोनेटच्या फटीतून धूर. दाजींनी गाडी कडेला घेऊन बंद केली, हे मात्र शहाण्यासारखं केलं. मला फोन आक्कानं केला, दाजींनी नाही. मी मित्राची जीप काढली, वेळे गावाच्या पुढं जाऊन वळसा घालून घाटात पोचलो. पहिलं काम बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि मग टॉर्च मारून बघितलं.

फॉगलॅम्पची वायर थेट पार्किंग लाइटच्या वायरीला जोड मारून घेतली होती. रिलेचा, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, पत्ता नाही. 55 वॅटचा एक दिवा 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे चार दिव्यांचे 18 च्या वर झाले. हे सगळं 5 वॅटच्या बल्बासाठी दिलेल्या दोऱ्याएवढ्या वायरीतून. कंपनीचा फ्यूज उडणारच, आणि तो उडत होता. म्हणून दुकानदारानं त्या जागी 30 अँपिअरचा फ्यूज खोचून दिला होता. फ्यूज असतो वायर वाचवायला. 30 चा घातल्यावर फ्यूज तसाच राहतो आणि वायर जळते. वर ती वायर गार्डच्या ब्रॅकेटवरून नेलेली, स्लीव्ह न घालता. गाडी हादरेल तशी घासून तांबं उघडं पडलेलं. जोडावर नुसती काळी टेप, तिचा डिंक सुटून ती लोंबत होती. हेडलाइटचं तेच. 60/55 वॅटच्या होल्डरमध्ये 100/90 चा बल्ब, म्हणून होल्डर वितळून बल्बाला चिकटलेला.

मी सगळं छाटून टाकलं, उघडी टोकं बंद केली आणि एका हेडलाइटवर गाडी चालेल असं केलं. निघताना आक्काला म्हटलं बेल्ट लाव. ती अंधारात चाचपडतेय, भाचा मांडीवर झोपलेला, आणि बक्कल काही सापडेना. मी कटर काढला आणि सीट कव्हर टराटरा फाडलं. दाजी ओरडले, “अहो, नवं हाय कव्हर!” त्या रात्री त्यांना वाईट वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. सेफ्टीत पहिलं, बुल गार्ड नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं की असल्या गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कारवाई करा. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. गाडीचं नाक चेपलं जावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं, धक्का त्यात जिरतो. गार्ड बोल्टनं थेट चासीच्या टोकांना बसतो, म्हणजे धक्का न जिरता मागं जातो. एअरबॅगचे सेन्सर ज्या हिशोबानं लावलेत तो हिशोबही बिघडतो, आणि समोर पायी माणूस असेल तर त्याचं काय होतं ते लिहायला नको. दाजींना हे पटलं नाही. पुढं टोलनाक्यावर समोरच्या ट्रकला हळू धडक बसली, तेव्हा त्यांनी मला गार्डचा फोटो पाठवला, “बघा, ओरखडा नाही.” ओरखडा नव्हताच. महिन्याभरात टायर एका बाजूनं खायला लागले आणि डेंटरनं दाखवलं की चासीची दोन्ही टोकं मागं वाकलीत. बंपर बदलला असता तर त्याहून स्वस्तात सुटले असते. हे मी त्यांना दिवाळीत सांगितलं, जेवताना. आक्का माझ्यावरच चिडली.

काळी फिल्म नको, सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच बंद केलीय. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. त्या मर्यादेतली फिल्म चालते असं केरळ उच्च न्यायालयानं 2024 मध्ये म्हटलंय, पण नाक्यावरच्या हवालदाराशी निकालपत्रावर वाद घालायची हौस असेल तरच त्या वाटेला जा. बेल्टचा बीप बंद करणारी क्लिप कुणी हातात ठेवली तर फेकून द्या. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली होती. रिव्हर्स सेन्सर 2019 च्या जुलैपासून कंपनीकडूनच येतात, त्याचे परत पैसे देऊ नका. कॅमेरा हवा तर लावा.

दिवे कमी वाटत असतील तर आधी काचेचा पिवळेपणा घासून घ्या आणि फोकस लावून घ्या. तरी जादा दिवा हवाच असेल तर रिले, स्वतंत्र फ्यूज आणि तयार हार्नेस (वायरींचा संच) यांसकट लावा, तोही कंपनीच्याच वॅटचा बल्ब. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणाऱ्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, समोरून येताना मी त्यांना जे बोलतो ते छापण्यासारखं नाही. डॅशकॅम मात्र जरूर घ्या, कपॅसिटरवाला. बॅटरीवाला आपल्याकडच्या उन्हात काचेला चिकटून फुगतो. त्याची वायर खांबाच्या कव्हरमधून नेताना पडद्याच्या (कर्टन) एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, वरून नको. सीट कव्हर घेणार असाल आणि एअरबॅग सीटच्या कडेत असेल तर त्या बाजूची शिलाई फाटेल असंच कव्हर घ्या.

आता साउंड, म्हणजे माझं ‘गाणी वाजवायचं काम’. बेस मॉडेलवाले पहिली चूक करतात ती मोठा स्क्रीन घेण्याची. स्क्रीन वाजत नाही. डब्यावर 50 वॅट गुणिले 4 लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात दर चॅनलला साधारण 15 ते 20 वॅट निघतात. 1000 वॅटचा स्टिकर दिसला तर भागाकार करा, 12 व्होल्टवर 80 अँपिअरच्या वर जातं. छोट्या गाडीचा अख्खा अल्टरनेटर तिथंच संपला, बाकी गाडी काय पेट्रोलच्या वासावर चालणार?

पैसे पुढच्या दोन दारांत घाला. दार हाच स्पीकरचा डबा असतो आणि आपल्या दारांचा पत्रा पापडाएवढा पातळ. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात, स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढं येऊन पुढच्या आवाजाला मारतो, म्हणून बास गायब. भोकं बंद करून पत्र्याला ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली की कंपनीचेच स्पीकर वेगळे वाजायला लागतात, दारही भारी गाडीसारखं ‘धप्प’ लागतं. मग पुढं साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, म्हणजे ज्यात बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा असतो. पैसे उरले तर छोटा अ‍ॅम्प, त्याहून उरले तर सीटखालचा सबवूफर. मागच्या स्पीकरांवर रुपया घालू नका, मागं बसणारा झोपतो. स्पीकरखाली एमडीएफची रिंग घालू देऊ नका, आपल्या पावसात ती फुगते. आणि दाराचं पॅड काढल्यावर आतली प्लास्टिकची शीट परत नीट चिकटवली का, ते उभं राहून बघा. नाहीतर पहिल्याच पावसात पायाखाली तळं होतं. अ‍ॅम्पची वायर थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत. इंजिनबरोबर चिंऽऽ असा आवाज वाढत जात असेल तर अर्थिंग खराब आहे, स्पीकर नाही.

दाजींच्या गाडीला मी शेवटी हेच केलं. बास ट्यूब ठेवली, तिच्याशी त्यांचं नातं जुळलेलं आहे. पण दारं भरली, रिले टाकले, सगळे जुने जोड काढून कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचे प्लग, लावले. लता मंगेशकरांचं गाणं लावलं तर आक्का म्हणाली, “श्वास ऐकू येतोय रे.” दाजी गप्प बसले होते.

चोरीचं थोडक्यात. चिपची किल्ली कंपनी देतेच. आजचा चोर डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ती जागा) मशीन लावून नवी किल्ली शिकवतो, त्यामुळे भोंग्याच्या अलार्मपेक्षा लोखंडी गिअर लॉक त्याला जास्त नडतो. जीपीएस ट्रॅकर लावा, पण मोबाइलवरून इंजिन बंद करण्यासाठी पेट्रोल पंपाच्या वायरीत रिले घालायचा असेल तर माझ्याकडं येऊ नका. तो स्वस्तातला रिले हायवेवर ओव्हरटेक करताना गेला तर काय? पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता असलेलं उपकरण असेल आणि तुम्ही ऑटोमोबाइल असोसिएशनकडून ते नोंदवून घेतलं, तर विम्यात ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर अडीच टक्के सूट आहे, जास्तीत जास्त 500 रुपये. एवढ्यासाठी धावपळ करावी का ते तुम्ही बघा. दुसरी किल्ली मात्र जपून ठेवा, चोरीच्या क्लेमला दोन्ही किल्ल्या मागतात. आणि बाहेरून बसवलेला साउंड पॉलिसीत वेगळा दाखवा, त्याच्या किमतीच्या चार टक्के प्रीमियम पडतो. न दाखवलेल्या सामानाचे पैसे मिळत नाहीत.

वॉरंटी अख्खी जात नाही. पण जिथं वायर कापली त्या भागाची तक्रार आली की सर्व्हिस सेंटर हात वर करतं, आणि कापली नसेल तर त्यांना बोट ठेवायला जागा नसते. म्हणून गाडीच्या मॉडेलचा कपलर आणायला लावा. “कपलर येत नाही, जोड मारून देतो” म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

हे सगळं साध्या पेट्रोल-डिझेल गाडीचं आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींच्या आसपास कुणालाच हात घालू देऊ नका, मलासुद्धा. काचेमागं कंपनीचा कॅमेरा असलेल्या गाडीत डॅशकॅम त्याच्या नजरेआड येणार नाही असा लावा. आणि बाहेरची सगळी दुकानं वाईट असतात असंही नाही, पुण्याच्या नाना पेठेत माझ्यापेक्षा स्वच्छ वायरिंग करणारी पोरं मी बघितलीत.

भाचा आता मोठा झालाय, हे उत्तर तो दाजींना दाखवणार हे मला माहीत आहे. तर दाजी, गार्ड भंगारात किती रुपये किलोनं गेला, ते आता तरी सांगून टाका.